बॉयलर ८६ टक्के, मग संच ३८च का? उष्णतेचा खरा हिशोब

यावलच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात ट्रेनिंग करून आला. तो विचारतो: "बॉयलरची कार्यक्षमता ८६ टक्के सांगतात, टर्बाइन आणि जनरेटरही चांगले म्हणतात. मग कोळशातली जेमतेम ३८ टक्केच उष्णता विजेत कशी येते? चिमणीतून १४० अंशांचा वायू सोडून देतात, कूलिंग टॉवरमधून ढगच्या ढग वाफ जाते. हे अडवलं तर? निदान त्यावर आमच्याकडच्या केळीच्या पावडरीचे ड्रायर तरी चालतील का?"

ड्रायरचं नाव निघालं म्हणजे माणूस केळीच्या पट्ट्यातला हे सांगायला नको. प्रश्न चांगला आहे. (संच म्हणजे बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर मिळून एक युनिट.) माझी तीसेक वर्षं बॉयलरजवळ गेली, आणि पहिली पाच-सहा वर्षं मीही चिमणीकडे बघूनच हळहळत होतो. तुझी नजर जिथे गेली तिथे उष्णता जाते हे खरं, पण नुकसान तिथे होत नाही. हे नीट समजायला आधी आकडे मांडावे लागतील.

आपल्याकडे विदर्भातून येतो तसा एक कोळसा धर. कार्बन ३७ टक्के, हायड्रोजन अडीच, ओलावा १२, राख ४०, बाकी ऑक्सिजन, नायट्रोजन, थोडं गंधक. याची जीसीव्ही, म्हणजे एक किलो जाळून मिळणारी एकूण उष्णता, साधारण ३,५५० किलोकॅलरी येते. असा एक किलो कोळसा जाळायला हिशोबाने ४.९ किलो हवा लागते. पण हिशोबाइतकीच हवा दिली तर कोळशाच्या प्रत्येक कणाला ऑक्सिजन वेळेवर भेटत नाही, म्हणून फर्नेसला, म्हणजे बॉयलरच्या भट्टीला, वीस टक्के जास्त देतात. पुढे वाटेत गळतीची हवा मिसळते आणि एअर प्रीहीटरच्या (जाणाऱ्या वायूवर आत येणारी हवा तापवणारं यंत्र) बाहेर पडेपर्यंत ती जादा हवा पस्तीस टक्क्यांवर जाते. म्हणजे एक किलो कोळशामागे ६.८ किलो कोरडा वायू चिमणीकडे निघाला. बाहेर ३५ अंश आणि वायू १४० अंश धरला तर त्याने १७२ किलोकॅलरी नेल्या, जवळपास ४.९ टक्के.

आता यापेक्षा मोठा तोटा बघ, जो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कोळशातलं १२ टक्के पाणी आणि हायड्रोजन जळून तयार झालेलं पाणी मिळून किलोमागे सुमारे ३४५ ग्रॅम पाण्याची वाफ होते आणि ती वाफ म्हणूनच निघून जाते. तिने नेल्या २१८ किलोकॅलरी, म्हणजे ६.१ टक्के. राखेत न जळता राहिलेला कार्बन सव्वा टक्का, गरम राखेबरोबर जाणारी उष्णता अर्धा-पाऊण टक्का, बॉयलरच्या भिंतींतून आणि हवेतल्या दमटपणातून जाणारी मिळून तेवढीच. सगळं धरून साडेतेरा टक्के. उरले साडेशहाऐंशी.

इथे एक गंमत सांगून ठेवतो, मुलाखतीत विचारतात. परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकात बॉयलर ९१-९२ टक्के लिहिलेला दिसला की आपले लोक दबून जातात. ते लोक वाफेतली सुप्त उष्णता मुळात मोजतच नाहीत, ती वजा केलेल्या निव्वळ आकड्यावर, एनसीव्हीवर, हिशोब करतात. आपला हाच बॉयलर, हाच कोळसा एनसीव्हीवर मांडला तर ९१.७ येतो. बॉयलर तोच, फक्त भागणारा आकडा बदलला.

पुढचा हिशोब सोपा. पाचशे मेगावॅटच्या संचाची टर्बाइन हीट रेट, म्हणजे एक युनिट विजेसाठी टर्बाइनला लागणारी उष्णता, १,९५० किलोकॅलरी धर. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. ८६० भागिले १,९५० म्हणजे ४४.१ टक्के, त्याला ०.८६५ ने गुण, ३८.१ आले. म्हणजे कोळशाच्या शंभरातले साडेतेरा बॉयलरमध्ये, अठ्ठेचाळीस कंडेन्सरमध्ये (टर्बाइनमधून निघालेली वाफ इथे थंड होऊन पाणी होते) आणि अडतीस विजेत. त्यातूनही कोळसा दळायच्या मिल, पंखे, पंप चालवायला सहा-सात टक्के वीज घरातच खर्च होते, ती वेगळी.

आता तू म्हणशील, मग खरा चोर कंडेन्सर! अठ्ठेचाळीस टक्के! पुस्तकं इथेच थांबतात आणि पोरांच्या डोक्यात चुकीचं चित्र बसतं.

हतनूर धरणाच्या खाली तापी बघितली असशील. पावसाळ्यात अफाट पाणी, पण सपाट पात्रातून जाणारं. त्या पाण्यावर चक्की चालवायला गेलास तर चाक फिरत नाही, कारण पाणी भरपूर असलं तरी पडायला उंची नाही. उष्णतेचंही तेच. फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ साली हीच पाण्याच्या पडण्याची उपमा वापरून उष्णता इंजिनाचा सिद्धांत मांडला होता. उष्णता किती, याइतकंच ती किती वरच्या तापमानावरून खाली येते हे महत्त्वाचं. कंडेन्सरमधली उष्णता ४५ अंशांवर आहे. बाहेर हवा ३५. दहा अंशांच्या उतारावर अठ्ठेचाळीस टक्के उष्णतेतून जास्तीत जास्त दीड टक्का काम निघेल, तेही आदर्श यंत्र असेल तर. आणि भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ वर गेला की तो उतारही संपला. चिमणीच्या वायूची तीच गत. कोरड्या वायूचे ४.९ टक्के दिसतात, कामाच्या भाषेत ते पाऊण टक्का सुद्धा नाहीत.

मग काम करण्याची क्षमता गेली कुठे? फर्नेसमध्ये. ज्योत हजार-बाराशे अंशांच्या वर आणि नळ्यांमधलं पाणी? फीड वॉटर २५० अंशांना येतं, वाफ ५४० ला बाहेर पडते, रीहीट (अर्धं काम झालेली वाफ पुन्हा तापवणं) धरून उष्णता घेण्याचं सरासरी तापमान ३८० अंशांच्या आसपास. ज्योतीपासून ३८० पर्यंतची उंची आपण चाक न लावता पाणी खाली ओतावं तशी ओतून टाकतो. त्याच्या आधी कोळसा जळतानाच रासायनिक ऊर्जेचा मोठा वाटा कायमचा वाया जातो. दोन्ही मिळून कोळशाच्या काम करण्याच्या क्षमतेतल्या शंभर भागांपैकी निम्म्याहून जास्त बॉयलरच्या आतच संपतात. ८६ टक्के वाला, सगळ्यांचा लाडका बॉयलर, तोच खरा खर्चिक निघाला. उष्णतेचा हिशोब त्याला निर्दोष सोडतो, कारण उष्णता तो जवळपास पूर्ण पोचवतो, फक्त उंची घालवून पोचवतो.

दीपनगरला नवा ६६० मेगावॅटचा संच सुपरक्रिटिकल आहे, तो याच कारणासाठी. पाण्याचा क्रिटिकल दाब २२१ बार, त्याच्या वर गेलं की उकळणं हा टप्पाच उरत नाही आणि उष्णता घेण्याचं सरासरी तापमान वर चढतं. असल्या संचाची बॉयलर कार्यक्षमता जुन्यापेक्षा फार वेगळी नसते, तीच ८६-८७. तरी पूर्ण संच चाळिशीच्या वर जातो. बॉयलरचा आकडा न हलता संचाचा हलला, हे लक्षात आलं की अर्धं थर्मोडायनॅमिक्स कळलं.

हे झालं डिझाइन करणाऱ्यांचं. आपण चालवणारी माणसं. फर्नेसमध्ये काय संपतं ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात त्या साडेतेरातला एखाद-दीड टक्का असतो. पण तो किती मोठा, तेही बघ. वरच्या कोळशावर एक युनिट विजेला सुमारे ६३५ ग्रॅम कोळसा लागतो. पाचशे मेगावॅट पूर्ण लोडवर दिवसाला ७,६०० टन, म्हणजे जवळपास दोन रेक (पूर्ण मालगाड्या). बॉयलरचा एक टक्का घसरला की रोज ८८ टन, दीड वाघीण कोळसा जास्त. रोज, वर्षभर, आणि त्यातली ४० टक्के राख पुन्हा बंधाऱ्यात नेऊन टाकायची.

हा टक्का कुठे जातो, तर माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा हवेत. कोळशाला शिव्या सगळे घालतात, हवेकडे कुणी बघत नाही. चुलीवर पऱ्हाट्यांचा जाळ करून भरताची वांगी भाजणाऱ्या बाईला हे बरोबर माहीत असतं. फुंकणी कमी मारली तर धूर, जास्त मारली तर जाळ भडकतो पण वांगं भाजत नाही, उष्णता सगळी वर निघून जाते. बॉयलरमध्ये इकॉनॉमायझरच्या (वायूच्या वाटेवरच्या, पाणी तापवणाऱ्या शेवटच्या नळ्या) बाहेर वायूतला ऑक्सिजन साडेतीन टक्के ठेवतात, म्हणजे वीस टक्के जादा हवा. तो एक अंकाने वाढला तर सरळ पाव टक्का कार्यक्षमता जाते, पंख्यांची वीज वेगळी. कमी केला तर कार्बन मोनॉक्साइड आणि राखेतला कार्बन चढतो. मधली जागा अरुंद आहे आणि ती मिल बदलली, कोळसा बदलला की सरकते.

पण मीटर साडेतीन दाखवतोय म्हणून फर्नेसला साडेतीन मिळतेय असं नाही. एका केंद्रात (कुठलं ते जाऊ दे) आमच्या एका संचाच्या तळराखेत कार्बन हळूहळू वाढत होता, भिंतींवर क्लिंकर (वितळून घट्ट झालेली राख) चढत होता, ऑक्सिजन मात्र व्यवस्थित. मिल तपासल्या, २०० मेशच्या बारीक चाळणीतून ७० टक्के भुकटी पास, काही खोट नाही. दोन आठवडे आम्ही कोळशाच्या नावाने बोटं मोडली. शेवटी एका जुन्या फिटरने राख पडते त्या तळाच्या हॉपरच्या वॉटर सीलमध्ये (बाहेरची हवा अडवणारं पाणी) एका कोपऱ्यात पाणी उतरलेलं दाखवलं. तिथून थंड हवा आत ओढली जात होती, ज्योतीला न भेटता कडेकडेने वर जात होती आणि ऑक्सिजनच्या प्रोबसमोर जाऊन "मी आहे" म्हणत होती. बर्नरजवळ उपासमार, मीटरवर सुकाळ. सील भरलं आणि तीन दिवसांत तळराख सुधारली. तेव्हापासून ऑक्सिजन ठीक आणि तळराखेत कार्बन जास्त ही जोडी दिसली की मी मिलकडे नंतर जातो, आधी खाली जातो.

दुसरा फसवणारा म्हणजे फिरता एअर प्रीहीटर. हा मोठा गोल रोटर, पत्र्यांच्या टोपल्या भरलेला, एकदा गरम वायूतून आणि एकदा थंड हवेतून फिरतो. दोन्हींच्या मध्ये सील. हवेचा दाब जास्त, वायूकडे ओढ, त्यामुळे सील झिजलं की हवा सरळ वायूत शिरते. एकदा पावसाळा संपल्यावर आमच्याकडे वायूचं बाहेरचं तापमान १४० वरून १३२ वर आलं. कंट्रोल रूममध्ये आनंदीआनंद. डेस्कवरचा पोरगा म्हणाला, "साहेब, आठ अंश उतरलं ना भो!" मी प्रोब घेऊन प्रीहीटरच्या आधी आणि नंतर ऑक्सिजन मोजायला सांगितला. पूर्वी ३.६ आणि ५.२ असायचा, आता ३.६ आणि ७.० निघाला. सूत्र तोंडपाठ कर: दोन्हींमधला फरक, भागिले २१ वजा बाहेरचा ऑक्सिजन, गुणिले ९०. गळती नऊ टक्क्यांवरून बावीसवर गेली होती. थंड हवा मिसळून वायू थंड दिसत होता, एवढंच. गळती वजा करून खरं तापमान काढलं तर आधी १४९ होतं, आता १५३. म्हणजे टोपल्याही घाण झाल्या होत्या. वीस अंशांना एक टक्का हा अंगठा-नियम आहे आणि तो असल्या खऱ्या, गळती वजा केलेल्या तापमानालाच लावायचा. नाहीतर सील जितकं खराब, तितका बॉयलर चांगला असं उत्तर येतं!

बारकाव्याने सांगायचं तर थंड टोकाची गळती बॉयलरची कार्यक्षमता थेट फारशी खात नाही. ती खाते आयडी फॅनची, म्हणजे वायू ओढून चिमणीत सोडणाऱ्या पंख्याची, ताकद. फॅन पूर्ण उघडला, फर्नेसचा ड्राफ्ट (आतली ओढ) सांभाळेना, मग लोड कमी करा. वीस मेगावॅट कमी पडले तर दोष कोळशाच्या ओलाव्यावर टाकतात, असतो सीलचा.

ओलाव्याची मात्र खरी भीती जुलै-ऑगस्टमध्ये. १२ चा १८ टक्के झाला की वाफ बनून जाणाऱ्या तोट्यात एक टक्क्याची भर, शिवाय मिलमध्ये कोळसा वाळवायला जादा गरम हवा, मिलचं बाहेरचं तापमान खाली, बंकरमध्ये कोळसा चिकटून बसलेला, फीडर रिकामा आणि वर हातोडे घेऊन माणसं. त्या दिवसांत कार्यक्षमतेवर कुणी बोलत नाही, तेलावर ज्योत टिकवली तरी पुष्कळ.

आणि उन्हाळा? बाहेरची माणसं म्हणतात, भुसावळच्या ४५ अंशांत तुमचा कूलिंग टॉवर काय काम करणार. उलटं आहे. आपला मे महिना कोरडा. माठातलं पाणी जसं मे मध्ये गार आणि पावसाळ्यात कोमट, तसंच टॉवरचं. त्याला हवेचं नाही, ओल्या फडक्याचं तापमान (वेट बल्ब) दिसतं, आणि ते वैशाखात दमट श्रावणापेक्षा कमी असतं. कंडेन्सरचा व्हॅक्यूम बिघडण्याच्या माझ्या नोंदी मे पेक्षा पावसाळ्यातल्या उघडिपीच्या दिवसांतल्या जास्त आहेत. टॉवरवरचा ढग तू बघितलास, तो म्हणजे टॉवर काम करतोय याची पावती.

बॉयलरच्या चाचणीतही ऋतू गोंधळ घालतो. वायू तोच १४० अंश, पण जानेवारीत पहाटे बाहेर १० अंश आणि मे मध्ये ४२. संदर्भाचं तापमान बदलल्याने नुसत्या आकड्यावर मे चा बॉयलर दीड टक्का चांगला दिसतो. संदर्भ तापमानाची दुरुस्ती न करता दोन चाचण्या शेजारी मांडणारे अहवाल मी पुष्कळ बघितलेत.

आता तुझा मुख्य हट्ट, चिमणीतली उष्णता अडवायची, म्हणजे वायू १४० वरून समजा ६० वर आणायचा. अडचण आम्लाची. कोळशातल्या गंधकाचं थोडं सल्फर ट्रायऑक्साइड होतं, ते पाण्याच्या वाफेबरोबर सल्फ्युरिक आम्ल होऊन थंड पत्र्यावर बसतं. आपल्या कोळशात गंधक कमी म्हणून थोडी मोकळीक आहे, तरी प्रीहीटरच्या थंड टोकाचे पत्रे आणि पुढचे डक्ट खाऊन चाळणी झालेले मी हातात धरलेत. त्यावर ओली राख बसली की सिमेंटच. शिवाय सुप्त उष्णतेच्या त्या सहा टक्क्यांतलं काही मिळवायचं तर वायू त्याच्या दवबिंदूखाली न्यावा लागतो, तो आहे ४५ अंशांच्या आसपास. खानदेशात वायूला ४५ च्या खाली थंड करायला उन्हाळ्यात थंड आणणार कुठून?

राहिला ड्रायर. कंडेन्सरचं पाणी ४२ अंशांचं, केळी वाळवायला ६० च्या वर हवा लागते, म्हणून ते अठ्ठेचाळीस टक्के तुला निरुपयोगी. चिमणीचा वायू १४० वरून १२० वर आणला तर एका पाचशेच्या संचातून सुमारे १३ मेगावॅट उष्णता मिळते. वायू अन्नाला लागू द्यायचा नाही, मध्ये गरम पाण्याचं वर्तुळ हवं. ड्रायरचे तोटे धरून तासाला अकरा टनांच्या आसपास पाणी उडेल, म्हणजे दिवसाला साडेतीनशे टन सोललेली केळी. आकडा मोठा आहे, कागदावर जमतं. पण त्या उष्णतेवर आधी संचाचाच हक्क, तिने कंडेन्सेट (कंडेन्सरमधून बॉयलरकडे परत जाणारं पाणी) गरम केलं तर टर्बाइनची वाफ वाचते. दुसरं, आता दिवसा सोलरची वीज असते, संच ५५ टक्क्यांवर उतरवतात, मागणी नसली की बंदच ठेवतात. उतरलेल्या लोडवर वायू आधीच थंड असतो, त्यातून वीस अंश काढायला गेलास तर सरळ आम्लात. आणि संच ज्या रात्री बंद होईल त्या रात्री तुझ्या ट्रेवर कापलेली केळी पडलेली असतील, ती सकाळपर्यंत काळी. प्रोजेक्ट जरूर कर, फक्त आराखड्यात पऱ्हाट्यांवर चालणारी एक भट्टी जोडीला काढ आणि तिचा खर्च पहिल्या पानावर लिही.